ऊर्फच्या ओळी

बाबा, तुम्ही मला एकदा विचारलं होतं की माझ्या कामाचं ते संगणकाचं मशीन काही ओळींवर अडून का बसतं. दिवाळीची सुट्टी होती. मी पुण्याहून चिखलीला आपल्या घरी आले होते आणि स्वयंपाकघराच्या दारात कागदाची लांबलचक घडी पसरून बसले होते. मी "माहीत नाही" म्हणाले, आणि ते खरंच होतं. पुढे माहीत झालं, पण तुम्हाला सांगायचं राहिलं. त्याला आता इतकी वर्षं झाली आहेत की मी नोकरी करून, तीतून निवृत्त होऊन, केसही पांढरे करून बसले आहे. परवा दादाची मुलगी चार दिवस राहायला आली. ती तुम्ही पाहिली नाहीत, तुमच्या मागून झाली. माझ्याच धंद्यात आहे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून काम करते आणि मधूनच हात बांधून स्वस्थ बसते. विचारलं तर म्हणते, "कंपाइल होतंय, आत्या." दोन वेळा चहा झाला तरी ते होतच होतं. तेव्हा मी तिला विचारलं, कोणत्या ओळीवर अडतंय? तिला गंमत वाटली. तिने शोधून एक ओळ दाखवली. अगदी आखूड. थोडे आकडे, थोडे गुणाकार, थोड्या बेरजा. पण यातला कोणता आकडा पूर्ण धरायचा आणि कोणता अपूर्णांक, हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. त्यामुळे मशीन हा पूर्ण धरून पाही, तो अपूर्णांक धरून पाही, मग उलट, आणि दर वेळी बाकीच्या सगळ्यांशी जुळतं का ते ताडून पाही. तिने उत्तर कोणत्या जातीचं हवं आहे तो एक शब्द पुढे लिहिला आणि तिचं ते स्वस्थ बसणं संपलं. ती कामाला लागली. मला मात्र तुमचा प्रश्न आठवला, म्हणून हे लिहायला घेतलं.

तुम्हाला कंपाइल म्हणजे काय ते मी त्या दिवाळीतच सांगितलं होतं आणि ते तुम्हाला लगेच समजलं होतं, कारण तुमचं काम तेच होतं. माणूस त्याच्या बोलीत बोलतो, कचेरीला ती चालत नाही, मधे एकजण बसतो आणि त्याचं बोलणं कचेरीच्या भाषेत उतरवतो. तशाच माझ्या ओळीही आधी मशीनच्या भाषेत उतराव्या लागतात, ते कंपाइल. तहसील कचेरीबाहेर कडुलिंबाखाली तुमची लाकडी पेटी, पेटीवर कागद, बाजूला शाईची दौत. शाळा सकाळची असली की मी दुपारी तुमचा डबा घेऊन येई आणि तुमचं जेवण होईपर्यंत, आणि खरं म्हणजे त्यानंतरही, तिथेच बसून राही. आई ओरडायची, कचेरीत पोरीचं काय काम. तुम्ही मला बसू द्यायचा. बाजाराच्या दिवशी अमडापूरची, उंद्रीची माणसं एसटीने उतरून थेट तुमच्याकडे यायची. मला आठवतात ते त्यांचे पाय, कारण मी खाली बसलेली असायची. धुळीचे पाय माझ्यासमोर उभे आहेत, वरून बोलणं चालू आहे, आणि तुमचा टाक कधी सरसर चालतो आहे, तर कधी मधेच थांबला आहे.

थांबायचा तेव्हा लोक अस्वस्थ व्हायचे. अर्जनवीस म्हणजे ऐकलं की लिहून काढणारा माणूस, असं त्यांना वाटायचं. त्या उंद्रीकडच्या बाईच्या वेळी तर तुम्ही दुपारभर थांबला होता. तिचा नवरा वारला होता. मोठा दीर आणि धाकटा दीर, आणि तिघांत मिळून एक विहीर. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. ती डोक्यावरचा पदर दातात धरून बोलत होती, आणि तिचं एक वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. "मुन्शीजी, त्यानं त्याले सांगतलं का त्याच्या पाळीत मी पानी घेतो, अन् मंग त्यानं माही मोट बंद केली." तुम्ही विचारलंत, कोणी कोणाला सांगितलं? तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तुम्ही पुन्हा विचारलंत. ती पुन्हा तेच म्हणाली, फक्त जरा मोठ्याने. मागे उभा असलेला अमडापूरचा शेतकरी म्हणाला की परतीची एसटी निघून जाईल. मी तेव्हा सातवीत होते आणि व्याकरणात पहिली यायची. मला ते वाक्य सोपं वाटलं. मी म्हणाले, "बाबा, थोरल्यानं धाकट्याले सांगतलं असंल. थोरल्याची पाळी असंल."

तुम्ही टाक खाली ठेवलात. "तू तिथं होती का?"

मी नाही अशी मान हलवली.

"मंग तिच्या तोंडात तुहं वाक्य काऊन घालते? चुकलं तर इहीर तिची जाईन, तुही नाई."

तुम्ही एवढंच बोललात, आणि तेही हळू. पण तेवढ्या लोकांत मला ते लागलं आणि मी डबा उचलून निघाले, नि मग निघालेही नाही, कारण पुढे काय होतं ते पाहायचं होतं. तुम्ही त्या घाईतल्या शेतकऱ्याला पुढे बोलावलंत आणि पेटीच्या उजव्या हाताला उभं केलंत. बाईला म्हणालात, हा तुझा थोरला दीर समज. दुसऱ्या एका माणसाला डावीकडे उभं केलंत, हा धाकटा. आता कोणी कोणाला सांगितलं ते हाताने दाखव. तिने थोरल्या झालेल्या शेतकऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नुसता पदर पुढे ओढला, आणि डावीकडून उजवीकडे बोट नेलं. म्हणजे धाकट्याने थोरल्याला सांगितलं होतं. मग तुम्ही विचारलंत, पाळी कोणाची? तिने या दोघांपैकी कोणाकडेच बोट केलं नाही. दोघांच्या मधे जी मोकळी जागा होती तिकडे केलं. तिथे कोणी नव्हतं. मला एकदम कळलं की ती पाळी तिच्या नवऱ्याची होती. त्याचं नाव तिने जन्मात घेतलेलं नव्हतं आणि आता तो गेल्यावरही घेणार नव्हती. भासऱ्याचंही, म्हणजे थोरल्या दिराचंही, घेणार नव्हती. तिच्यापाशी नावंच नव्हती वापरायला, म्हणून ती सगळं 'तो' आणि 'त्याले' यांच्यावर भागवत होती. तुमचा टाक मग असा चालला की कागद एका बैठकीत पूर्ण झाला. शेतकऱ्याची एसटी चुकली, पण तो कुरकुरला नाही. घटकाभर तिचा थोरला दीर होऊन उभा राहिल्यामुळे असेल, जाताना त्यानेच बाईला स्टँडची वाट दाखवली. पुढच्या हिवाळ्यात ती बाई तुरीच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आपल्या घरी आली होती. पाळी तिला मिळाली होती. त्या शेंगा उकडून आपण चुलीभोवती बसून खाल्ल्या. आई म्हणाली की मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा खाव्यात तर अशाच, आणि तुम्ही म्हणालात की लिहायला वेळ लागत नाही, कोण कोणाचा हे उमगायला लागतो.

मी अमरावतीला गणित शिकले आणि मग पुण्याला गेले, हे तुमच्याच जोरावर. नात्यातल्या लोकांनी तुम्हाला काय काय ऐकवलं ते मला नंतर आईकडून कळलं. तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही. पुण्यातलं ते संगणक केंद्र म्हणजे एक थंड खोली होती, तीत कपाटांएवढी यंत्रं, आणि आम्ही खोलीच्या बाहेर. आत कोणी जायचं नाही. आपल्या ओळी जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून लिहायच्या, एका ओळीला एक पत्ता, सगळा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद घ्यायचा. माझ्याकडे धरणाचं काम होतं. पाऊस किती पडला तर तलावात पाणी किती चढेल आणि किती सोडावं लागेल, याचा हिशेब मांडायचा. तो मी मांडला. पण माझा गठ्ठा रोज परत यायचा. प्रत्येकाला मशीनचा ठरावीक वेळ मिळायचा आणि माझा सगळा वेळ नुसत्या भाषांतरातच संपायचा. पाण्याच्या हिशेबाला अजून हातही लागलेला नसायचा. कागदावर एवढंच छापून यायचं की वेळ संपला. कुठे गेला, ते मशीन सांगत नसे. माझे वरिष्ठ सरळ मनुष्य होते, आवाज चढवत नसत. ते म्हणाले की दिवाळीनंतर महिनाभर बघा, नाहीतर हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल, आणि तुमचं कायम होण्याचं प्रकरण माझ्यापुढे आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे मी एकटीच मुलगी होते. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण बाकीच्यांच्या डोळ्यांत ते मला दिसत होतं.

म्हणून त्या दिवाळीत मी कागद घेऊन घरी आले. आई करंज्या तळते आहे, मी दारात बसले आहे, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून कागदाचं एक टोक हातात धरलं आहे. तुम्हाला त्यातलं अक्षरही येत नव्हतं, तरी तुम्ही बराच वेळ पाहत होता. मग विचारलंत, "हे मशीन कोन्त्या ओळीवर अडते? काऊन अडते?" मी म्हणाले, माहीत नाही. तुम्ही एका ठिकाणी बोट ठेवलंत. तिथे एक सूत्र होतं, फार लांब, एका पत्त्यात न मावणारं, खाली खाली सरकत गेलेलं. "हे असंल. लांब वाक्य हाय. एवढ्या लांब वाक्यात मानूस बी अडते." मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं याचं कारण ते तुम्ही म्हणाला होता. आईने मधेच विचारलं की तिथं जेवायला काय मिळतं, आणि तो विषय तिथे संपला.

तुमचा अंदाज चुकला होता, बाबा. पुण्याला गेल्यावर मी आधी ती लांब सूत्रं हाती घेतली. तोडली, लहान केली, एकाची तीन केली. काही फरक पडला नाही. लांब वाक्य असलं तरी त्यात प्रत्येक गोष्ट आपल्या जागी असली तर मशीन ते सहज वाचतं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदाच. त्यात माझे दिवस गेले. मग मी दुसरा मार्ग धरला. गठ्ठ्यातला एक भाग काढून ठेवायचा आणि उरलेला द्यायचा, वेळ कमी झाला का पाहायचं. नाही झाला तर तो परत घालायचा आणि दुसरा काढायचा. प्रत्येक प्रयोगाला एक दिवस. एक तुकडा मात्र मी काढून पाहत नव्हते, कारण त्याचा मला अभिमान होता. तो अगदी सुरुवातीला होता आणि त्यातली एकेक ओळ माझ्या करंगळीएवढी होती. अशा ओळींत काही बिघडत असेल असं मनातच येत नव्हतं.

त्या ऊर्फच्या ओळी होत्या. मशीनमधली जागा फार थोडी असे. तेव्हा एकाच जागेला दोन नावं द्यायची सोय होती. आधी तीत पावसाचे आकडे ठेवले, ते काम झालं की तिथेच पाण्याच्या पातळीचे ठेवायचे. नाव वेगळं, जागा तीच. तुम्ही अर्जात लिहायचा तसं. सातबाऱ्यावर एक नाव, घरात दुसरं, शाळेत मास्तरांनी घातलेलं तिसरं, आणि मधे ऊर्फ. मी त्याची मोठी साखळी केली होती. पहिलं ते दुसरं, दुसऱ्याचा मधला भाग म्हणजे तिसरं, तिसऱ्याचा शेवट म्हणजे चौथं, अशी पुढे पुढे. जागा फार वाचली होती. शेवटी दुसरं काही उरलंच नाही म्हणून मी तो तुकडा काढला आणि गठ्ठा खिडकीत दिला. दुसऱ्या दिवशी कागदावर भाषांतराला लागलेला वेळ इतका थोडा होता की मला वाटलं, दुसऱ्याच कोणाचा कागद हातात आला.

ते का अडतं, ते असं. ओळ वाचायला वेळ लागत नाही. पण चौथं म्हणजे तिसऱ्याचा शेवट, हे वाचल्यावर चौथ्याला जागा द्यायची तर तिसरं कुठे आहे ते हवं. तिसऱ्यासाठी दुसरं हवं, दुसऱ्यासाठी पहिलं. आणि पुढच्या एखाद्या ओळीने दोन साखळ्या एकमेकींत गुंतवल्या की आधी दिलेल्या सगळ्या जागा सरकतात आणि पुन्हा मुळापासून पाहावं लागतं. म्हणजे त्या आखूड ओळीचं काम त्या ओळीत नसतंच, तिच्या आधी येऊन गेलेल्या सगळ्या ओळींत असतं. जितक्या ओळी वाढतील त्याच्या कितीतरी पट फेऱ्या वाढतात. हे मशीनच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. मला ते पत्ते काढून-घालूनच कळलं.

तेवढ्यावर भागलं नाही. ऊर्फच्या ओळी काढल्या तर सगळा हिशेब मशीनमध्ये मावेना. मग मी साखळी मोडली आणि एक मोठी जागा धरून प्रत्येक नाव थेट तिच्याशी बांधलं. हे मूळच्या सुरुवातीला, ते मूळच्या मध्यावर, ते शेवटाला. एकाही ऊर्फाला दुसऱ्या ऊर्फाकडे विचारायला जायची गरज उरली नाही. नावं तेवढीच राहिली, जागाही वाचली, आणि भाषांतर झटक्यात झालं. तलावातल्या पाण्याचे आकडे पहिल्यांदा छापून आले तेव्हा मी ते उभ्यानेच वाचले. वरिष्ठांनी कागद पाहिला, मान हलवली आणि म्हणाले की असंच काम दुसऱ्या एका धरणाचं आहे, तेही घ्या. मला आनंद झाला, पण तो दाखवायला जवळ कोणी नव्हतं. मी तुम्हाला कार्डावर लिहिलं की काम झालं, नोकरी राहिली. तुमचं उत्तर आलं, त्यात आईची तब्येत, ज्वारीचं पीक, आणि शेवटी एक ओळ की कोणत्या ओळीवर अडत होतं ते आल्यावर सांग.

मी आले ती तुम्हाला लकवा मारल्याचा निरोप आल्यावर. उजवा हात गेला होता. त्याहून वाईट म्हणजे नावं गेली होती. तुम्ही बोलत होता, आवाज तुमचाच होता, वाक्यही पुरं व्हायचं, पण त्यात वस्तू नव्हती आणि माणूस नव्हता. "ते तिकडचं त्याले दे." "तिनं ते ठेवलं का?" आई पन्नास गोष्टी भराभर पुढे करायची, पाणी, पांघरूण, चष्मा, आणि तुम्ही मान फिरवून भिंतीकडे पाहायचा. डॉक्टर म्हणाले की यांना सगळं समजतं, शब्द सापडत नाहीत एवढंच. एका सकाळी तुम्ही म्हणायला लागलात, "त्याले बोलाव." दिवसभर तेच. आई म्हणाली, त्यांना मुलगा पाहायचा आहे. नागपूरला तार केली. दादा हातातलं काम टाकून रात्रीच्या गाडीने आला. तुम्ही त्याला पाहून हसलात, डाव्या हाताने त्याचा हात धरलात, आणि मग पुन्हा म्हणालात, "त्याले बोलाव." आई रडायला लागली. काका म्हणाले, शेवट जवळ आला म्हणून ब्राह्मणाला बोलावत असतील. ते ऐकून दादाचा चेहरा उतरला. मलाही क्षणभर तसंच वाटलं, आणि ते मी बोलून दाखवणारही होते.

मी बोलले नाही. खाटेजवळ बसले आणि सगळ्यांना थांबा म्हटलं. तुम्हाला विचारलं, घरातला का? मान हलली, नाही. कचेरीतला? नाही. गावातला? हो. मी हाताने दाखवायला लावलं, कुठून येतो तो? तुम्ही दाराकडे बोट केलं. येऊन काय करतो? आता तुमचा डावा हात वर आला आणि गालावरून खाली उतरला. आठ दिवसांची दाढी होती. दादा आधी हसला, मग मी, आणि आई डोळे पुसता पुसता म्हणाली, "मंग हे सांगाले काय झालं होतं तुमाले?" न्हावी आला. अंगणात खुर्ची टाकली, दादाने तुमची मान मागून धरली आणि तुम्ही डोळे मिटून बसलात. दाढी झाल्यावर तुम्ही आरशात पाहिलंत आणि "हाव" म्हणालात. तो दिवस घरात फार चांगला गेला. इतक्या लांबून येऊन दादाने काय केलं तर बापाची मान धरली, असं तो स्वतःच पुढे कितीतरी वर्षं सांगायचा.

तुम्ही उन्हाळ्यात गेलात. मधे दोनदा मी येऊन राहिले. एका दुपारी आपण दोघंच होतो आणि मला वाटलं, आता सांगावं, कोणत्या ओळीवर अडत होतं ते. तोंडापर्यंत आलं होतं. पण ज्या माणसाची सगळी नावं गेली होती त्याच्यापुढे नावांची गोष्ट काय काढायची, म्हणून मी वारा घालत बसले. तुम्हाला झोप लागली.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते मी दुमडून ठेवीन. पण एक गोष्ट सांगते. मी हे आधी आपल्या बोलीत लिहायला बसले होते. तुमच्याशी मी जन्मात दुसऱ्या भाषेत बोलले नाही, मग आताच का म्हणून. दोन ओळी लिहिल्या आणि अडले. कोणता शब्द कसा लिहितात ते मला येईना. पुण्यात गेल्यावर लोक हसायचे म्हणून पहिल्याच वर्षी मी 'मले'चं 'मला' केलं, आणि आपली बोली कागदावर आणायची वेळ कधी आलीच नाही. तुम्हीही तीत कधी लिहिलं नाहीत, ऐकायचा तीत आणि उतरवायचा दुसरीत. तेव्हा त्या दोन ओळी खोडल्या आणि बाकीचं सगळं हे असं, कचेरीत चालेल अशा मराठीत लिहून काढलं. आता वाचून पाहते तर चूक एकही नाही. पण तुमच्या खाटेशी बसून मी यातलं एक वाक्यही असं बोलले नसते.